आखरावरची झडती

हॉस्टेलच्या न्हाणीघरासमोर बादल्यांची रांग लागली होती आणि नळाला करंगळीएवढी धार होती. माझ्यापुढं इंदू तडस उभी होती. तिनं एकदम आपली बादली पालथी घातली, तिच्यावर चढली, एक हात वर केला आणि वॉर्डनबाईंच्या खोलीकडं बोट दाखवून खणखणीत आवाजात काहीतरी म्हणू लागली. वॉर्डनबाईंचा अंबाडा, त्यांच्या कमरेचं किल्ल्यांचं जुडगं, मेसच्या वरणातलं पाणी आणि नळात नसलेलं पाणी असं सगळं तिनं यमकात कोंबलं होतं. शेवटच्या ओळीत तर वरणाचं पातेलंच तिनं नळाला जोडून दिलं. मुली हसून हसून भिंतीला टेकल्या. इंदू ओरडली, "हर बोला!" आणि तिच्या भागातल्या दोघीतिघींनी "हर हर महादेव" असा गजर केला. वॉर्डनबाई बाहेर आल्या तेव्हा सगळ्या आपापल्या बादलीत डोकावत होत्या.

"हे काय होतं गं?" मी विचारलं.

"झडती," इंदू म्हणाली. "तुले झडती मालूम नाही? वर्ध्याचीच ना वं तू?"

मी वर्ध्याचीच होते. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, मराठी घेऊन, नागपुरात शिकत होते. शिवाय मी कवयित्री होते. निदान भेटेल त्याला मी तसं सांगत असे. कॉलेजच्या वार्षिकात माझ्या दोन कविता आल्या होत्या. दोन्हींत काळोख होता, एकीत क्षितिजही होतं. अशा मुलीला आपल्याच जिल्ह्यातला एक काव्यप्रकार ठाऊक नसावा, हे इंदूसमोर कबूल करणं मला फार जड गेलं.

दुपारी तिनं मला खोलीत बसवून सगळं समजावलं. पोळ्याच्या दिवशी गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत, म्हणजे आखरावर, आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. सजवलेले बैल तिथं ओळीनं उभे करतात आणि शेवटी तोरणाखालून गावात नेतात. तोरण तुटेपर्यंत, म्हणजे पोळा फुटेपर्यंत, ज्याला सुचेल त्यानं पुढं यायचं, हात वर करून डफडं थांबवायचं आणि कोणाकडं तरी बोट दाखवून झडती म्हणायची. सरपंच, सोसायटीचा सेक्रेटरी, शेजारी, मेहुणा, कोणीही चालतो. त्याचं कुठं दुखतं ते हेरून नेमकं तिथंच हाणायचं. आणि ज्याच्यावर झडती म्हटली त्यानं हसायचं. रागावला तो लहान झाला.

"आणि खरंच राग आला तर?"

"तरी हासाचं," इंदू म्हणाली. "पोळा फुटला का सारं इसरलं."

मी त्या प्रकारानं अक्षरशः वेडी झाले. माझ्या कविता कोणाशीच बोलत नव्हत्या, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्या आपल्या खिडकीत बसून उसासे टाकायच्या. इथं मात्र समोर माणूस उभा असायचा, चार ओळींत त्याची दांडी उडवायची असायची आणि गाव तिथल्या तिथं निकाल द्यायचं. मी इंदूकडून मिळतील तेवढ्या झडत्या पाठ केल्या. हात कसा उचलायचा, कुठल्या शब्दावर थांबायचं, हसू आलं तर ते संपेपर्यंत पुढची ओळ कशी धरून ठेवायची, हे तिनं मला शिकवलं. त्यातली एक तिच्या भागात सगळ्यांना पाठ होती. बैलांची देखणी जोडी आणि तिचा मालक, एवढाच तिचा विषय. कोणाची, कुठली, इंदूला काही माहीत नव्हतं. ती कुठूनशी आलेली होती. मी तीच आपली मानली.

आता बाबांविषयी सांगायला हवं. माझे बाबा, मनोहर भोयर, वर्ध्यात नगरपालिकेच्या शाळेचे मुख्याध्यापक होते. घरात शुद्ध बोलायचे आणि आम्हालाही बोलायला लावायचे. "मले" म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. वार्षिक छापून आलं तेव्हा ते मी त्यांच्या हातात दिलं आणि दाराशी उभी राहिले. त्यांनी चष्मा लावून माझ्या दोन्ही कविता वाचल्या, एका ठिकाणचा मुद्रणदोष दाखवला आणि अंक परत दिला. बास. मला त्यांच्याकडून एक शब्द हवा होता. चांगला, वाईट, कसलाही. बाकी सगळ्या नागपूरनं वाहवा केली असती तरी मला त्या एका शब्दाची भूक राहिली असती, आणि नागपूर तर काही वाहवा करत नव्हतंच.

सुटीत घरी आले तेव्हा मी त्यांना उत्साहानं सांगितलं की मी झडत्या शिकतेय. ते पेपर वाचत होते. "कोण शिकवतं?" त्यांनी विचारलं. मैत्रीण, म्हटलं. "ते गावाकडंच राहू दे," ते म्हणाले आणि पान उलटलं. मला त्यांचा राग आला. एवढा शिकलेला माणूस आणि आपल्याच मातीची लाज बाळगतो, असं मी मनात म्हणाले. लाज या शब्दाविषयी मला तेव्हा फार माहिती असल्यासारखं वाटायचं.

त्या वर्षी खैरवाड्याहून निरोप आला. खैरवाडा आमचं मूळ गाव. तिथं मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, शेती बघत. ते माळ्यावरून पडले होते आणि पाय प्लास्टरमध्ये होता. घरच्या दोन जोड्या, आणि आखरावर न्यायला एकटा त्यांचा मुलगा दिवाकर. धाकट्या भावानं येऊन एक जोडी धरावी, असा निरोप होता. आम्ही खैरवाड्याला लग्नाकार्याला जायचो, उन्हाळ्यात जायचो. पोळ्याला कधीच गेलो नव्हतो. शाळेला सुटी नसते, असं बाबा सांगायचे. पण थोरल्या भावाला नाही म्हणणं त्यांना जमलं नाही. माझ्या धाकट्या भावाच्या शाळेमुळं आई घरी राहिली आणि मी हट्ट करून बाबांबरोबर निघाले. एसटीत ते पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत होते.

मोठेबाबांची बायको, मोठीआई, पुरणाला बसली होती. मी तिच्याजवळ पाट ओढून बसले आणि झडत्यांविषयी विचारू लागले. ती हसली.

"मले काय इचारते वं? तुह्या बापाले इचार. त्याचा आवाज आखरावून अथी चुलीपाशी आयकू ये."

माझ्या हातातली वेलदोड्याची वाटी तशीच राहिली. बाबा झडत्या म्हणायचे? म्हणायचे काय, जोडायचे, मोठीआई म्हणाली. दरसाल नवी. शेजारच्या गावचे लोक फक्त त्या ऐकायला यायचे. मग बंद का केल्या, असं मी विचारलं तेव्हा तिचा हात पुरणात जरा थांबला.

"मास्तर झाला ना," ती म्हणाली आणि पुरण चाखून बघू लागली.

मला ते उत्तर पुरेसं वाटलं. किंबहुना मला हवं तेच उत्तर ते होतं. म्हणजे माझ्यातलं कवित्व आभाळातून पडलेलं नव्हतं. ते याच घरातलं होतं, या माणसानं शाळेच्या नोकरीपायी गिळून टाकलेलं. मी मनाशी ठरवलं की आज आखरावर झडती म्हणायची. बाबांच्या देखत, बाबांच्याच आखाड्यात. मग बघू ते काय म्हणतात. मोठीआईला मी हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं निदान कुठली म्हणतेस एवढं विचारलं असतं.

दुपार कलली तेव्हा आखर भरलं होतं. बैलांच्या शिंगांना रंग आणि बेगड, पाठीवर झुली, कपाळाला आरशांच्या पट्ट्या. डफडं आणि सनई कानठळ्या बसवत होती. बाबा पँट-शर्टावर डोक्याला रुमाल बांधून आमच्या जोडीचा कासरा धरून उभे होते. ते कोणाशी बोलत नव्हते. मी देवळाच्या पाराशी बायकांत उभी होते. मोठीआई घरी मोठेबाबांपाशी थांबली होती.

झडत्या सुरू झाल्या. सरपंचावर झाली, कंडक्टरवर झाली, एका सासऱ्यानं जावयावर म्हटली. ज्याच्यावर होई तो मान मागं टाकून हसे आणि गाव गजर करी. ऐकताना माझी जीभ सळसळत होती. दिवाकरला मी आधीच पटवून ठेवलं होतं. त्यानं मध्येच हात वर केला आणि ओरडला, "आमच्या मास्तरकाकाची शैला म्हनते एक. नागपुराची कवी होय थे." दोनचार म्हातारे पोरीनं कशी म्हणायची म्हणून कुरकुरले. एकानं म्हटलं, मनोहरची पोट्टी आहे, म्हणू द्या. मी बाबांकडं बघितलं. त्यांनी मान हलवली, नको अशी. मला ती संकोचाची वाटली.

मी पुढं झाले. हात वर केला. डफडं थांबलं. झडतीला माणूस हवा, आणि माझी झडती होती देखण्या जोडीवर, म्हणून मी ओळीतली सगळ्यात देखणी जोडी शोधली. ती शोधायला लागली नाही. तोरणाच्या डाव्या अंगाला पांढऱ्याशुभ्र गवळाऊ बैलांची जोडी उभी होती, खुरांनाही तेल लावलेलं, अंगावर डाग म्हणून नाही. कासरा धरून एक उंच, सडसडीत, पांढऱ्या मिशांचा माणूस होता. मी त्याच्याकडं बोट केलं.

आभाय गरजे, नदीले पूर,
गड्याची जोडी दिसते दूर.
शिंगाले बेगड, पाठीवर झूल,
पाहाले आली चूल अन् मूल.
बैलाच्या गळ्यात वाजे घुंगरू,
घरात मातर नाही लेकरू.
आयक रे गड्या, सांगतो खरं,
बैलालेच पाळन्यात घाल, थेच बरं!

मी छान म्हटली. हे मला म्हणतानाच कळत होतं. प्रत्येक ओळ हवी तिथं पडत होती. "लेकरू"वर पोरांचं हसू फुटलं, ते मी इंदूनं शिकवल्याप्रमाणं ओसरू दिलं, मग शेवटच्या दोन ओळी टाकल्या. पोरं खिंकाळली. "हर बोला!" मी ओरडले.

दिवाकरनं आणि त्याच्या चारदोन मित्रांनी गजर केला. बाकी आखर गप्प होतं. डफडंवाल्यानं काठी उचललेली होती, ती त्यानं खाली घेतली. एका म्हातारीनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, मुलीनं म्हटल्यामुळं हे असं. मी त्या पांढऱ्या मिशांच्या माणसाकडं बघितलं, कारण आता हसायची पाळी त्याची होती. त्यानं माझ्याकडं बघून मान डोलावली, एखाद्या लहान मुलाला शाबासकी द्यावी तशी. मग आपली जोडी वळवली आणि तोरणाखालून न जाता, आखराच्या मागच्या वाटेनं तो बैल घेऊन निघून गेला.

पोळ्याला जोडी तोरणाखालून न नेता परत नेणं म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं. पण आजूबाजूच्या चेहऱ्यांवरून कळलं, काहीतरी अशुभ घडलं होतं. मी बाबांना शोधलं. ते बैलाच्या मानेवर हात ठेवून जमिनीकडं बघत होते.

पोळा फुटला. बैल घरोघर निघाले. माझ्याशी कोणी बोललं नाही, मी आमच्या जोडीच्या मागून चालत राहिले. मी पोहोचायच्या आत बातमी मोठीआईपर्यंत पोहोचली होती. तिनं बैलांचे पाय धुतले, ओवाळलं, पुरणाचा घास दिला आणि मग मला आत बोलावलं.

"कोनं शिकवली तुले थे?"

हॉस्टेलमधल्या मुलीनं, म्हटलं. तिच्या गावात ती सगळ्यांना येते.

"म्हंजे तथीपावतो गेली," मोठीआई स्वतःशीच म्हणाली. मग माझ्याकडं न बघता बोलली, "तुह्या बापाची होय थे."

तिनं मला सगळं सांगितलं. तो माणूस गुलाब उरकुडे. बाबांचा जिवाभावाचा दोस्त, एका ताटात जेवणारे दोघं. गुलाबच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. त्याची बायको वेणू नवससायास करून थकली होती. गुलाबनं सगळा जीव बैलांना लावलेला. त्या पोळ्याला बाबांनी दोस्ताच्या जोडीवर ही झडती जोडली. गाव लोटपोट हसलं. गुलाब घरी आला तेव्हा उंबऱ्यावर ओवाळणीचं ताट मांडलेलं होतं, निरांजन लावलेलं होतं, पाय धुवायला तांब्या भरून ठेवलेला होता आणि वेणू नव्हती. ती नेसत्या लुगड्यानिशी माहेरी गेली. गुलाब आणायला गेला, पुन्हा गेला, ती आली नाही. त्यानंतर खैरवाड्याच्या आखरावर ती झडती कोणी कधी म्हटली नाही, आणि बाबांनी तर कुठलीच म्हटली नाही. नव्या पोरांना ती माहीतही नव्हती.

"अन् तुही माय तवा पोटुशी होती तुह्यानं," मोठीआई म्हणाली. "वेणूच्या बाजूलेच उभी होती बायकाइत."

मला तिथून कुठंतरी निघून जावंसं वाटलं. पण घर भरलेलं होतं, दारात बैल घेऊन लोक येत होते, मोठीआई प्रत्येकाच्या हातात बोजारा म्हणून नाणं ठेवत होती आणि येणारा जाणारा माझ्याकडं बघत होता. मी गोठ्याकडं गेले. बाबा झुली काढून घडी घालत होते. मी त्यांना म्हटलं, मी जाऊन त्यांची माफी मागते.

"तू कशाला?" बाबा म्हणाले. "ती माझी आहे." मग घडी खाली ठेवून म्हणाले, "चल. दोघं जाऊ."

गुलाबकाकांचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. उजेड अजून होता. अंगण शेणानं सारवलेलं, स्वच्छ. ते ओसरीच्या पायरीवर बसून एका बैलाला हातानं पुरणपोळी भरवत होते. आम्हाला बघून उठले नाहीत, पण तोंडही फिरवलं नाही.

"ये मास्तर," ते म्हणाले. "बस. पोट्टी तुही होय?"

"हो."

"चांगली म्हनते." त्यांनी उरलेली पोळी दुसऱ्या बैलापुढं धरली. "तुह्यापरीस चांगली म्हनते."

हे त्यांनी उपरोधानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. त्यांना खरंच तसं वाटलं होतं. मी कशीबशी म्हणाले की मला काही माहीत नव्हतं, मला माफ करा. माहीत असतं तर तू म्हटलीच नसती, ते दिसतंच, असं ते म्हणाले. बैल जीभ काढून त्यांचा हात चाटत होता.

"गुलाब," बाबा म्हणाले, "माह्यानं लय वाईट झालं."

बाबांच्या तोंडून ती बोली मी पहिल्यांदा ऐकली. ती त्यांच्या तोंडात अजून नीट बसत होती.

"काय वाईट झालं?" गुलाबकाका म्हणाले. "झडती म्हनली थे? झडती त म्हनाचीच असते, बापा. ज्याच्यावर म्हनली त्यानं हासाचं, हाही रिवाजच. मी हासलो. आठवते तुले? साऱ्या आखरात सगळ्याइपेक्षा जोरानं कोन हासलं?"

बाबांनी मान खाली घातली.

"थे झडतीनं नाही गेली, मास्तर," गुलाबकाका म्हणाले. "बायकाइत उभी होती थे. तिनं मले हासतानी पाह्यलं. आनाले गेलो तवा तिनं येवढंच इचारलं मले, का तुमाले हासू कसं आलं. मी म्हनलं, हासा लागते वं. रिवाज हाय. मंग तिनं दार लावून घेतलं."

वेणू अजून आहे, त्यांनी सांगितलं. भावाच्या शेतात निंदायला जाते.

बाबा पायरीवर बसले होते आणि त्यांचे हात गुडघ्यांवर पडले होते. इतकी वर्षं ते जे ओझं वाहत होते ते त्यांचं एकट्याचं नाही असं आज कोणी सांगत होतं, पण त्यानं ते हलकं झालेलं दिसत नव्हतं. मला राहवलं नाही. मी गुलाबकाकांना विचारलं की मग आज तुम्ही जोडी घेऊन परत का गेलात.

"आज हासू नाही आलं," ते म्हणाले. "लय कोशिस केली. हासू येत नाही अन् तोंड घेऊन उभा रायलो असतो त तुही झडती पडली असती. पयला डाव होता ना तुहा? म्हनून निंगून आलो."

मी त्यांच्या पाया पडले. ते ओशाळले, पाय मागं घेतले आणि बैलाकडं वळून त्याच्या गळ्यातली माळ सोडू लागले. आता जा, जेवणं व्हायची असतील, असं म्हणाले.

आम्ही निघालो. वाटेत पोरं बैलांच्या मागं दारोदार फिरत होती, कुठंतरी अजून डफडं वाजत होतं. मी बाबांच्या मागं एक पाऊल ठेवून चालत होते. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. माझ्यामुळं एका माणसाची जोडी पोळ्याच्या दिवशी तोरण चुकली होती, आणि तो माणूस माझी झडती पडू नये म्हणून चुकवून गेला होता. आता पुन्हा कविता म्हणून काही लिहायचं नाही, असं मी चालता चालता ठरवत होते, आणि तसं ठरवताना ते मला जरा शोभूनही दिसत होतं, याचीही लाज वाटत होती.

पाणवठ्याचा उतार लागला तेव्हा बाबा थांबले. मला वाटलं, ते आता रागावतील. रागावले असते तर मी ऐकून घेतलं असतं.

"घुंगरू आणि लेकरू," ते म्हणाले. "ते माझं नाही."

मीही थांबले.

"मी माळ आणि बाळ जुळवलं होतं. गळ्यात घुंगराची माळ, घरात नाही बाळ. असंच होतं."

"हो," मी म्हटलं. "इंदूनं तसंच सांगितलं होतं. मी बदललं."

"का?"

खोटं बोलता आलं असतं. पण त्यांनी कधी नव्हे ते मला कवितेविषयी काहीतरी विचारलं होतं. मी म्हटलं, "बाळ पुस्तकी वाटत होतं. गावात कोणी बाळ म्हणत नाही. आणि त्यानं लागत नव्हतं."

बाबांनी होकारार्थी मान हलवली.

"लागत नव्हतं," ते म्हणाले. "तुझी ओळ चांगली आहे. बसलीय."

ज्या शब्दासाठी मी वर्षभर दाराशी उभी होते तो मला मिळाला होता. माझा चेहरा आनंदानं गरम झाला, तो मला आवरला नाही. बाबांनी ते बघितलं आणि नजर दुसरीकडं वळवली. मीही वळवली. पुढं घर येईपर्यंत आम्ही एकमेकांशी अवाक्षर बोललो नाही. पण बाबांचे ओठ हलत होते. ते ती ओळ मनात म्हणून बघत होते, कुठल्या शब्दावर थांबायचं ते तपासत होते. मला ते नेमकं कळलं, कारण त्यांच्या मागं चालताना मीही तेच करत होते.